दुरुस्तीचा हक्क



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी विद्वान नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली ती जिनिंग फॅक्टरीच्या फाटकाशी. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, कामगार न्यायालयाच्या ओट्यावर आणि माणसांच्या तोंडून. तीस वर्षे वऱ्हाडातल्या हंगामी कामगारांची संघटना चालवीत आलो, एवढेच माझे भांडवल. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "एका बिघडलेल्या लॅपटॉपविषयी बोलीन." फोनवर त्यांची बोलती क्षणभर बंद झाली. वसंत व्याख्यानमालेत लॅपटॉप! परंतु शितावरून भाताची परीक्षा होते, तशी एका यंत्राच्या दुरुस्तीवरून आजच्या बाजाराची परीक्षा होऊ शकेल असे मला वाटले, आणि त्यांनीही मोठ्या मनाने संमती दिली.

तो लॅपटॉप खऱ्या अर्थाने माझा नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये संघटनेच्या सभासदांनी पन्नास-पन्नास, शंभर-शंभर रुपये वर्गणी काढून तो घेतला. किंमत शेहेचाळीस हजार रुपये. पावती माझ्या नावाची. हमी एक वर्षाची. त्यात काय होते ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या हकिगतीचे वजन ध्यानात येईल. अकोल्याकडील एक जिनिंग फॅक्टरी बंद पडली आणि चौतीस कामगार रस्त्यावर आले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाया. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे बारमाही कामगाराला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळे, पण हंगामी कारखान्यात केवळ हंगामापुरते काम करणाऱ्याला दर हंगामामागे सात दिवसांचा. तेव्हा कोणी किती हंगाम काम केले हाच सगळा प्रश्न. मालकाचे हजेरीपत्रक अपुरे. आम्ही जुन्या चिठ्ठ्या, पगाराची पाकिटे, भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी जमवून चौतीस माणसांच्या हंगामांचा तक्ता तयार केला. या कामाला चार महिने लागले. तो तक्ता त्या यंत्रात होता. न्यायालयाची तारीख होती १८ जुलै २०२४.

११ जूनला यंत्र बंद पडले. बटण दाबावे तर दिवा नाही, आवाज नाही. हमीची मुदत अजून चार महिने शिल्लक होती, म्हणून मी निर्धास्त होतो. आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती ठेवा, एक घरी आणि एक कचेरीत, असे मी सभासदांना तीस वर्षे बजावीत आलो. पण या तक्त्याची दुसरी प्रत मी स्वतः काढली नव्हती. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कंपनीचे नाव मी घेणार नाही. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. तेथे जे सिद्ध व्हायचे ते तेथेच व्हावे. या कंपनीचे माल विकणारे दुकान अकोल्यात आहे, पण दुरुस्तीसाठी अमरावतीस यावे लागते. १३ जूनला यंत्र पिशवीत घालून एस. टी. ने मी या आपल्या गावी आलो. दुरुस्ती केंद्र म्हणजे एक काचेची खिडकी, तिच्या आत एक पंचविशीचा मुलगा. त्याने यंत्र घेतले आणि एक इंग्रजी कागद पुढे करून "सही करा" म्हटले. त्या कागदावर अगदी बारीक अक्षरात छापले होते की यंत्रातील मजकूर नष्ट झाल्यास कंपनी जबाबदार नाही. मी विचारले, "दुरुस्ती येथेच होईल ना?" तो म्हणाला, "काका, मले तं उघडून पाहाची बी परवानगी नाही. आम्ही फक्त डबा भरून पुढं पाठवतो." पुढे म्हणजे कोठे, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

त्यानंतरचे दिवस टोलवाटोलवीत गेले. फोन करावा तो दर वेळी नवा माणूस, नवे शहर, आणि पुन्हा पहिल्यापासून सारी कथा. दहा दिवसांनी मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. कृपया पाचपैकी तारे द्या. यंत्राचा तर पत्ता नव्हता! मी तडक अमरावती गाठली. तो मुलगा ओशाळला आणि हळूच म्हणाला, "काका, द्याचेच असन तं पाच द्या. चार दिले तं माझा इन्सेंटिव्ह जाते." तेव्हा मी माझे दुःख बाजूला ठेवून त्याचीच चौकशी केली. तो त्या कंपनीचा नोकर नव्हताच. कंपनीने काम दिले एका ठेकेदार संस्थेला, तिने ते दिले दुसरीला, आणि त्या दुसरीचा हा नोकर. नेमणुकीचे पत्र नाही. काचेच्या बाहेर मी उभा होतो आणि आत तो, पण आम्हा दोघांचाही धनी अदृश्य होता.

भगिनींनो आणि बंधूंनो, मला येथे आमची फॅक्टरी आठवली. कामगाराने मालकाकडे पगार मागावा तर मालक मुकादमाकडे बोट दाखवी, मुकादम ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार गावीच नसे. गिऱ्हाइकाच्या बाबतीत आज तीच रीत अवलंबिली आहे. यात शिव्या कोण खातो? खिडकीतला मुलगा. त्याच्यावर ओरडून कित्येक गृहस्थ मोकळे होतात; पण त्याने कंपनीचा केसही वाकडा होत नाही.

तिसऱ्या खेपेला मला अंदाजपत्रक दाखविण्यात आले. यंत्रात पाणी गेल्याचे आढळले आहे. तसे झाल्यास हमी लागू नाही. मदरबोर्ड संपूर्ण बदलावा लागेल. खर्च अडतीस हजार चारशे रुपये. शेहेचाळीस हजारांच्या यंत्राला अडतीस हजारांची दुरुस्ती! मी म्हटले, "पाण्याचा थेंबही त्यावर पडलेला नाही. पाणी कोठे आढळले त्याचे छायाचित्र आणि तपासणीचा अहवाल द्या." उत्तर आले की असा अहवाल ग्राहकाला देण्याची पद्धत नाही. मी लेखी मागणी केली, तिची पोच घेतली, आणि पंधरा दिवस वाट पाहिली. चौथी खेप या अहवालासाठीच झाली. तो मिळाला नाही. अखेर ३० जुलैला पाचव्या खेपेस यंत्र जसेच्या तसे परत मिळाले. तपासणी शुल्क म्हणून अकराशे ऐंशी रुपये घेतले, हजार तपासणीचे आणि एकशे ऐंशी जीएसटीचे. मागच्या झाकणाचे दोन स्क्रू गायब होते.

सत्तेचाळीस दिवस! ज्या रस्त्याने मी या पाच खेपा घातल्या त्याच अमरावती-अकोला महामार्गावर, लोणीपासून माना गावापर्यंत, जून २०२२ मध्ये पंच्याहत्तर किलोमीटरची डांबरी मार्गिका सलग एकशे पाच तास तेहेतीस मिनिटांत तयार झाली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. तेव्हा आपल्याकडे काम झपाट्याने होत नाही असे कोणी म्हणू नये. ज्याला ते करून घ्यायचे असते त्याचे होते. मला आपली बसच्या खिडकीतून तो गुळगुळीत रस्ता पाहण्याची संधी पाच वेळा मिळाली.

मधल्या काळात १८ जुलै येऊन गेली होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यातच मी ओळखले की यंत्राच्या भरवशावर राहिलो तर बुडालो. सभासदांना बोलावून खरे ते सांगितले. सर्वांत वडील असलेल्या एका आजीने विचारले, "भाऊ, आमचे हंगाम त्या डब्यात व्हते ना? डबा बिघडला तं आमचे हंगाम बी पुसल्या गेले काय?" आयुष्यात पुष्कळ वकिलांच्या उलटतपासण्या मी ऐकल्या, पण याहून अवघड प्रश्न मला कोणी विचारला नाही. त्या बाईने वीस-बावीस हंगाम कापसाच्या धुळीत श्वास घेतला होता, आणि त्याचा हिशेब एका यंत्रात ठेवून, वर ते यंत्र बारीक अक्षरांच्या कागदावर सही करून मी परक्याच्या हवाली केले होते.

मी एक लांब वही घेतली आणि चौतीस घरी पुन्हा फिरलो. बायांना तारखा आठवत नव्हत्या, पण लेकीचे लग्न कोणत्या हंगामात झाले, फॅक्टरीत आग कोणत्या हंगामात लागली, मोर्णेला मोठा पूर आला त्यानंतर कामाला कधी लागलो, हे पक्के आठवत होते. त्यावरून हंगाम लावीत गेलो. १८ तारखेपर्यंत एकवीस जणांचेच झाले. न्यायालयाने मुदत दिली, पण पुढची तारीख नोव्हेंबरची पडली. चार महिने! ज्यांच्या घरी दिवसाची चूल दिवसाच्या मजुरीवर पेटते त्यांना चार महिने म्हणजे काय, हे या सभेला सांगायला नको.

आता हकिगतीचा उत्तरार्ध ऐका. परत आलेले यंत्र घेऊन मी मोर्णेपलीकडे, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका बोळात गेलो. तेथे एक कारागीर दहा बाय आठच्या खोलीत अशी यंत्रे दुरुस्त करतो. हात लावण्यापूर्वी त्याने मोबाइलवर छायाचित्रे घेतली. मग झाकण उघडून आतल्या इवल्याशा पांढऱ्या चिकट्या दाखविल्या. ओल लागली की त्या लाल होतात, आणि या पांढऱ्याशुभ्र होत्या. "काकाजी, पाणी कोठी हाय इथं? तुम्हीच पाहा." मग त्याने मीटर लावले, बोर्डावर थोडे स्पिरिट पसरले, बाहेरून किंचित वीज दिली आणि पाहत बसला. एका ठिकाणचे स्पिरिट बाकीच्या आधी वाळले. जेथे वीज आडमार्गाने जमिनीकडे पळते ती जागा तापते, दोष तेथेच. तेथे मोहरीएवढा एक कपॅसिटर होता. विजेचा दाब स्थिर राखणे हे त्याचे काम. तोच फुटला म्हणजे संरक्षक योजना सारे यंत्र बंद ठेवते. त्याने तो काढला, जुन्या बोर्डावरचा चांगला पाहून लावला. दिवा लागला. तक्ता जागच्या जागी होता. "एवढ्यासाठी पुरा बोर्ड काऊन बदलवाचा?" असे म्हणून त्याने नऊशे रुपये घेतले आणि मागितल्यावर पावतीही दिली.

मी कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. तिचे म्हणणे असे असू शकेल की एकेक बारीक भाग शोधून बदलायला कसबी हात आणि वेळ लागतो. सगळा बोर्ड बदलला की काम खात्रीचे होते. हे मान्य. मग तसे स्पष्ट सांगावे, आणि हमीत असलेल्या यंत्राचा बोर्ड आपल्या खर्चाने बदलावा. न गेलेले पाणी गेले म्हणू नये. आणि त्या बोळातल्या कारागिराला आपल्या यंत्राचा विद्युत्‌-आराखडा आणि सुटे भाग रास्त किमतीत द्यावेत. आज तो आराखडा गुप्त, भाग दुर्मिळ, आणि "बाहेर उघडले तर हमी गेली" ही धमकी. ज्याला दुरुस्ती येते त्याला परवानगी नाही, आणि ज्याच्या खिडकीवर अधिकृत म्हणून पाटी आहे त्याला उघडण्याची परवानगी नाही, असा हा न्याय आहे.

आपल्या वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाही. शेतकरी कापसाची गाडी घेऊन बाजारात येई. माल उतरला की तो अडकला. गाडी परत नेणे परवडत नसे. दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा कापूस त्यालाच तो भाव शेवटी कळे. वजनात कडता, वर धर्मादाय. म्हणूनच १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाखाली कारंज्याला, आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या आपल्या कारंज्याला, देशातला पहिला नियंत्रित बाजार स्थापन झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हेतू इंग्रजांच्या गिरण्यांचा असेल. परंतु तराजू उघड्यावर असावा आणि त्यावर देखरेख असावी हे तत्त्व त्यातून रूढ झाले. मी तपासणीचा अहवाल मागितला म्हणजे दुसरे काय मागितले? रुमाल काढा, एवढेच मागितले.

हे तत्त्व गिऱ्हाइकापर्यंत पोहोचायला फार काळ लागला. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. या नव्या कायद्याने आपल्यासारख्या आडगावच्या माणसाला एक मोठी सोय दिली. पूर्वी कंपनीची कचेरी किंवा शाखा कोठे आहे, व्यवहार कोठे घडला, हे पाहावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही. मुदत दोन वर्षांची. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी करावी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तसे होतेच असे नाही, हे कोर्टाची पायरी चढलेला मनुष्य म्हणून मी सांगतो. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे गाऱ्हाणे नोंदविता येते.

मी तेथूनच सुरुवात केली. त्यानंतर कंपनीचे पत्र आले की "सद्भावनेपोटी" आम्ही तपासणी शुल्क परत करीत आहोत, आणि तक्रार मिटली असे लिहून द्या. मी कळविले की सद्भावनेबद्दल आभारी आहे, पण मला अहवाल हवा. अहवाल आला नाही, म्हणून आयोगाकडे गेलो. माझा दावा भक्कमच आहे असे मी म्हणत नाही. बाहेरच्या माणसाने यंत्र उघडले असा मुद्दा कंपनीचे वकील काढणारच. परंतु आधीची छायाचित्रे आहेत, लेखी मागणीची पोच आहे, पाच खेपांची तिकिटे आहेत. बघू.

जगातही हा प्रश्न निघाला आहे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप, मोबाइल अशा वस्तूंवर ती किती दुरुस्तीयोग्य आहे याचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे झाले. म्हणजे घेण्यापूर्वीच गिऱ्हाइकाला कळावे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. तिने शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारवाहने ही क्षेत्रे निवडली. आणि त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू झाले. चांगली गोष्ट आहे. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. माहिती देणे कंपनीच्या मर्जीवर असेल तोवर हक्क हा शब्द वापरताना मला संकोच वाटतो. आणि शेतीची अवजारे त्या यादीत पहिली आहेत हे आपण विसरू नये. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडला आणि भाग सत्तेचाळीस दिवसांनी आला, तर त्या शेतकऱ्याने काय करावे?

तुम्हां श्रोत्यांस माझ्या ठेचेतून चार गोष्टी सांगतो. यंत्र देण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढा. ज्या कागदावर सही कराल त्याचा अर्थ विचारा आणि "मजकूर मिटवू नये" असे स्वहस्ते लिहा. फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी लिहून कळवा, कारण तोंडी बोलण्याला साक्षीदार नसतो. आणि तक्रार एकट्याने करू नका. त्याच खिडकीवर माझ्यासारखेच हेलपाटे घालणारे सहा जण मला भेटले. त्यांतल्या दोघांच्या यंत्रांतही पाणीच निघाले होते. आम्ही एकमेकांचे क्रमांक घेतले. एकाची तक्रार ही कुरकुर ठरते. सातांची तक्रार ही पद्धत दाखविते. संघटनेत मी तीस वर्षे हेच सांगत आलो, फक्त ते गिऱ्हाईक म्हणून मला उशिरा सुचले.

खिडकीतल्या त्या मुलालाही मी विसरलो नाही. नेमणूकपत्र कसे मागावे, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक कसा तपासावा, हे त्याला समजावून सांगितले. परवा त्याचा फोन आला होता. क्रमांक मिळाला म्हणाला.

आणि तो तक्ता? यंत्र सुरू झाल्यावर मी वही आणि तक्ता शेजारी ठेवून ताडून पाहिले. एकतीस नावे तंतोतंत जुळली. तिघींच्या हंगामांत फरक निघाला. कागद पुन्हा तपासले तेव्हा दोन ठिकाणी चूक माझ्या तक्त्यात होती, बायांच्या आठवणीत नव्हती. त्यांतली एक ती आजीच. तिचा एक हंगाम मी गाळला होता. नोव्हेंबरच्या तारखेला दुरुस्त तक्ता दाखल केला. सोबत ती वहीही जोडली. दोन्हींच्या तीन-तीन प्रती काढल्या आहेत.